चातुर्मासातलं मोठ्याने वाचन: चार जुनी आत्मचरित्रं

यंदा चातुर्मासात कांदा-वांगं सोडायचं की नाही यावर घरात एकमत होईना, तेव्हा माईंनीच तोडगा काढला. "खाण्यातलं काही सोडू नकोस. रोज दिवेलागणीनंतर मला काहीतरी वाचून दाखव, तोच नेम." माई म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं अक्षर पुसल्यासारखं होतं. भिंग वापरून झालं, मोठ्या टायपातली पुस्तकं झाली. ऑडिओबुकही लावून दिलं होतं. ते थोडं ऐकून म्हणाल्या, "बाईचा आवाज छान आहे गं, पण मध्ये काही विचारलं तर उत्तर देत नाही."

मग मराठीतली जुनी आत्मचरित्रं घ्यायची ठरली, प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (१९०७), रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' (१९१५) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३७). यातली तीन मी पूर्वी वाचली होती, मनातल्या मनात आणि भराभर. गोष्ट कळली होती, माणसं कळली होती. पण ती माणसं बोलतात कशी, हे तेव्हा माझ्या कानावर पडलंच नव्हतं. ही नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे. ज्यांना घरात असा उपक्रम सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टीही अधूनमधून येतील.

आषाढ

सुरुवातीलाच प्रतीचा प्रश्न आला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत निघाले. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरावरचं कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत बंडाची बातमी कळली आणि पुढे भटजी थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. पंचवीसेक वर्षांनी त्यांनी हे सगळं लिहून काढलं. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण भाषा आपल्या पद्धतीने नीटनेटकी करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती आली ती १९६६ साली.

मनात वाचायचं असेल तर वैद्यांची प्रत सोपी जाते. मोठ्याने वाचायचं असेल तर माझं मत बेधडक पोतदारांच्या प्रतीला. वाक्य कुठे संपतं ते कळत नाही, एकातून दुसरं निघत राहतं, पण ओसरीवर बसून सांगणाऱ्या माणसाचं बोलणं असंच असतं. मी दोन्हींतला एकच प्रसंग माईंना लागोपाठ वाचून दाखवला. वैद्यांचा ऐकून त्या "बरं" म्हणाल्या. पोतदारांचा ऐकताना मध्येच "मग?" म्हणाल्या. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

अडचण श्वासाची. लांब वाक्यात चुकीच्या जागी दम लागला की अर्थाचा पार विचका होतो. प्रती ग्रंथालयाच्या, त्यामुळे पेन्सिल लावायची नाही. मी दुपारी त्या दिवशीची पानं एकदा नजरेखालून घालते आणि थांबायच्या जागा वहीत टिपते: पान, ओळ, शब्द. पहिल्या आठवड्यानंतर ते टिपण आपोआप कमी झालं, कारण भटजी श्वास कुठे घेतात ते जिभेला कळायला लागलं.

विहिरीचा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर राणी भटजींना विहिरीपाशी भेटते. पुरुषी वेष, अंग धुळीने भरलेलं, घशाला कोरड. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते की आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. मग स्वतःच मडकं सोडून पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मनात वाचताना मी या पानावर राणीचा मोठेपणा बघून पुढे गेले होते. मोठ्याने वाचताना अडले ते दोरी आणि मडकं या दोन साध्या वस्तूंपाशी, कारण माईंनी थांबवलं. "दोरी भटजींचीच ना? म्हणजे त्यांनी ती खाली ठेवली असणार. परत वाच." परत वाचलं. आणि खरंच, सगळा प्रसंग त्या हातातून खाली ठेवलेल्या दोरीत आहे. पाणी काढण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ते ऐकू येतं. नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मला आलं नव्हतं.

श्रावण

रमाबाई रानडे. घरोघरी पोथी लागण्याचा महिना, म्हणून शेजारच्या दोन काकूही यायला लागल्या. पोथीच समजून आल्या होत्या. राहिल्या.

या पुस्तकाबद्दल माझ्या मनात थोडी अढी होती. नवऱ्याचा इतका आदर की लिहिणारी बाई त्यामागे दिसतच नाही, असं तेव्हा वाटलं होतं. अकराव्या वर्षी लग्न होऊन, अक्षरओळख नसताना १८७३ साली ही मुलगी रानड्यांच्या घरात आली. नवरा शिकवतो आणि घरातल्या बाकीच्या बायकांना ते खुपतं. त्या बायकांची बोलणी रमाबाईंनी लिहून ठेवली आहेत, आणि ती आवाज काढून वाचल्याशिवाय कळत नाहीत. कागदावर ती तक्रार वाटते. तोंडाने वाचली की लक्षात येतं की बाईंनी एकेकीची नक्कल केली आहे, आणि मोठ्या सभ्यपणे सूड उगवला आहे. शेजारच्या काकू एका ठिकाणी इतक्या हसल्या की त्या दिवशीचं वाचन तिथेच थांबवावं लागलं. विनोदाची चार-पाच पानं तरी मी पूर्वी गंभीर चेहऱ्याने वाचून काढली होती, हे सांगायला हवं.

जुन्या छपाईबद्दल थोडं. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या प्रतींत 'घरांत', 'त्यानें', 'मुलें' अशी अनुस्वारांची पेरणी असते. उच्चारायचे नसलेले ते टिंब सुरुवातीला जिभेला अडवतात. दहा-बारा पानं धीर धरा. मग ते दिसेनासे होतात. नव्या आवृत्त्यांत ते काढलेले असतात, वाचन सुरळीत होतं. तरी मला जुनीच प्रत आवडते, वेग आपसूक कमी राहतो म्हणून.

वेगाचं निघालंच आहे तर. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ साली इंग्रजी वाचनाच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्द, मोठ्याने १८३ असा त्यातला हिशेब. मराठीला हे आकडे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही, आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतात. पण गुणोत्तर मला ओळखीचं वाटलं. मनात वाचलं तर तीन आठवड्यांत संपणारं पुस्तक मोठ्याने महिना घेतं. वर्षाला अमुक पुस्तकं असं लक्ष्य ठेवणाऱ्यांनी या फंदात पडू नये, आकडा कोसळतो.

भाद्रपद

गणपतीत खंड पडला, साहजिक आहे. नंतर कर्वे.

माई मूळच्या दापोलीकडच्या, त्यामुळे मुरुड म्हटल्यावर त्या ताठ बसल्या. १८७५ साली मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला. तिथे परीक्षा घेणाऱ्यांना तो वयाने लहान वाटला, आणि त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. कर्वे हे सगळं अशा सपाट सुरात सांगतात की वाचणाऱ्याने जराही नाटकीपणा केला तर पान पडतं. मी आधी जरा रडवेला सूर लावला होता. माई म्हणाल्या, "तो रडत नाहीये, तू कशाला रडतेस?" त्यानंतर बातमी वाचावी तसं वाचलं, आणि खोलीत कोणी बोललं नाही.

विधवेशी लग्न केल्यावर मुरुडने टाकलेला बहिष्कार, आईची झालेली अवस्था, ही पानंही तशीच कोरडी, आणि म्हणून भारी. पण त्यांनी विधवांसाठी काढलेल्या संस्थेच्या वर्गण्या आणि देणग्या आल्या की मात्र मोठ्याने वाचणं व्यर्थ. आकडे कानात राहत नाहीत. तिथे मी आधी मनात वाचून घेतलं आणि संध्याकाळी दोन वाक्यांत सांगितलं. पुस्तक पूर्ण वाचलंच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांना हे पटणार नाही. ऐकणाऱ्याला डुलकी लागत असेल तर हट्ट कोणासाठी?

लक्षात राहण्याबद्दल

हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला: मोठ्याने वाचल्याने जास्त लक्षात राहतं का? यावर अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की मोठ्याने उच्चारलेले शब्द नुसत्या नजरेने वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त आठवतात. त्यात एक बारकावा आहे: काही शब्द मोठ्याने आणि काही मनात असं मिश्रण असतं तेव्हा फरक सर्वांत ठळक दिसतो. म्हणजे उच्चारलेलं हे बाकीच्यांतून वेगळं उठून दिसतं, म्हणून आठवतं. सगळंच मोठ्याने वाचलं तर ते वेगळेपण पातळ होणार. एकटे वाचणाऱ्यांना यातून सरळ उपयोग आहे. पुस्तक मनातच वाचा, आणि ठेवून घ्यावासा वाटणारा परिच्छेद तेवढा मोठ्याने.

२०१८ साली त्यांच्याच गटाने आणखी एक तुलना केली. सर्वांत जास्त लक्षात राहिलं ते स्वतः मोठ्याने वाचलेलं, त्याखालोखाल स्वतःच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण ऐकलेलं, मग दुसऱ्याने वाचलेलं, आणि शेवटी मनात वाचलेलं. या हिशेबाने आमच्या घरात माझी आठवण माईंपेक्षा पक्की असायला हवी. प्रत्यक्षात भटजींच्या काकांचं नाव मला विचारायला लागतं आणि माई आमटी ढवळता ढवळता "रामभट" म्हणून मोकळ्या होतात. प्रयोगशाळेतल्या सुट्या शब्दांची यादी वेगळी आणि उद्या काय होणार याची वाट बघत ऐकलेली गोष्ट वेगळी, असं मी आपलं समाधान करून घेतलं आहे.

आश्विन-कार्तिक

आता लक्ष्मीबाई टिळक चालू आहेत. खरं सांगायचं तर मोठ्याने वाचायला मराठीत याहून सोपं गद्य मला माहीत नाही. वाक्यं छोटी. क्रियापद वेळेवर येतं. विनोद वाक्याच्या अगदी टोकाला, त्यामुळे वाचणारीला आधीच हसू फुटलं तर सगळा खेळ वाया. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची पानं वाचताना मी ओठ दाबून धरले होते.

पण लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती होतात तिथपासून हेच छोटं वाक्य दुसरं काम करतं. तेच हलकं बोलणं, तेच रोजचे शब्द, आणि खाली सगळी जमीन सरकलेली. नवऱ्यापासून वेगळं राहण्याच्या त्या काळाबद्दल वाचताना आवाज कुठे चढवायचा हे लक्ष्मीबाई सांगत नाहीत. मी चढवतच नाही. दहावीतली मुलगी या दिवसांत अभ्यासाचं पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसायला लागली आहे. पान उलटत नाही तिचं. मी काही बोलत नाही, बोललं तर ती आत जाईल.

व्यवहाराचं थोडं: अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचू नका, घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशी नको वाटतं. कोमट पाणी जवळ ठेवावं, चहा नको. पुस्तक हातात धरून वाचलं की मान खाली जाऊन आवाज छातीत अडतो; पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड काढलं तेव्हापासून पोक काढणं थांबलं. दिवा मागून आणि वरून. थांबायची जागा मात्र आदल्या दिवशी ठरवायची, आणि ती प्रकरणाच्या शेवटी नको, प्रसंगाच्या मध्यावर हवी. कीर्तनकार पूर्वरंग नेमका कुठे सोडतात ते आठवा.

ग्रंथालयाचं म्हणाल तर ठाण्यात राहण्याचा हा एक फायदा आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे. जुन्या प्रती जपून द्याव्या लागतात म्हणून कधी थांबावं लागतं, पण मिळतं.

कार्तिकी एकादशीला नेम संपेल, वाचन संपणार नाही असं माईंनी परस्पर जाहीर केलं आहे. पुढचं पुस्तक कोणतं यावर वाद आहे. माझं मत हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'ला. ती कादंबरी असली तरी यमूने स्वतः सांगितलेली हकीकत म्हणून लिहिलेली आहे, त्यामुळे या चौघांच्या रांगेत बसते. शिवाय १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आलेली, म्हणजे थांबायच्या जागा लेखकानेच करून ठेवलेल्या. काकूंचं म्हणणं, सणासुदीनंतर इतकं दुःखाचं नको. माईंना काहीही चालेल, अट एकच: बाईने सांगितलेलं हवं. कोणाकडे हरिभाऊंची मोठ्या टायपातली, जुन्या शुद्धलेखनाची प्रत असेल तर कुठली आवृत्ती ते जरूर कळवा. आणि कोणी ती कादंबरी मोठ्याने पूर्ण वाचली असेल, तर शेवटची प्रकरणं आवाज न कापता कशी वाचलीत तेही सांगा.