षट्चक्रपट: इडा एकदाची डाव्या नाकपुडीत उतरली

मंडळी, गुंता सुटला! मी रंगवतोय त्या षट्चक्रपटावर बसलेल्या साधकाच्या शरीरात योगातली सहा चक्रं कमळांच्या रूपात आहेत: खालून वर मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध आणि भ्रूमध्यातली आज्ञा. मधून सुषुम्ना नाडी जाते; डाव्या अंगाची पांढरी इडा चंद्राची, उजव्या अंगाची लाल पिंगळा सूर्याची, आणि या दोघी शेवटी आपापल्या बाजूच्या नाकपुडीत उतरायला हव्यात. मागच्या नोंदीत विशुद्धापर्यंतचाच भाग दाखवला होता आणि वरचं टाळलं होतं, हे काहींच्या लक्षात आलंच असेल. वर भानगड होती. पांढरी इडा कंदाच्या (नाड्यांच्या उगमस्थानाच्या) डाव्या अंगाने निघाली, कमळांना आलटूनपालटून वळसे घालत आज्ञेपर्यंत चढली, तिथे पिंगळेला छेद दिला आणि थेट उजव्या नाकपुडीत उतरली. चंद्र उजवीकडे, सूर्य डावीकडे. स्वरोदयवाल्यांपुढे, म्हणजे कुठल्या नाकपुडीतून श्वास (स्वर) चालतो यावरून शकुन पाहणाऱ्यांपुढे, हा पट उघडायची सोयच नाही.

पहिला संशय आरशाचा. साधक आपल्याकडे तोंड करून बसलाय, म्हणजे त्याचं डावं ते आपलं उजवं. म्हणून खांद्यांवर पेन्सिलीने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून पुन्हा सगळी रेघ बोटाने मोजली. तरी तेच. काही काळ साधकाला पाठमोरा बसवायचा विचारही केला, पण मग नाकपुड्या कुठून दाखवणार?

शेवटी ड्रॉइंग बोर्डावर टाचण्या ठोकल्या, पांढरी आणि लाल लोकर घेतली आणि गाठी न मारता नुसती वळवत गेलो. तेव्हा कळलं की सगळा खेळ सम-विषमचा आहे. नाड्या मूलाधारातूनच निघतात असं धरलं, तर वळसे चार: स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध. इडा पहिला वळसा डावीकडून घेते, चौथा उजवीकडून, म्हणजे आज्ञेत ती उजवीकडून शिरते. तिथे छेद दिला की बरोबर डाव्या नाकपुडीत. पण उगम मूलाधाराच्या खाली कंदात धरला, की मूलाधारालाही वळसा पडतो, वळसे पाच होतात आणि इडा आज्ञेत डावीकडूनच पोचते. मग तिथे छेद द्यायचाच नाही. दोघींनी भ्रूमध्यात सुषुम्नेला मिळायचं आणि आपापल्या बाजूने नाकाकडे वळायचं. माझ्या पटावर कंदही खाली होता आणि आज्ञेत छेदही होता. दोन्हींपैकी एकालाच राहता येतं.

बाजारातल्या तयार तक्त्यांवर हे जरूर पाहा. बरेच जण नाड्या कपाळापाशी गुपचूप संपवतात, नाकापर्यंत नेतच नाहीत. सुटसुटीत युक्ती आहे, पण मग स्वराचा संबंधच तुटतो.

ठेवायचं काय, यावर बराच घोळ घातला. एका मित्राने ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं ‘इडा पिंगळा एकवटती’ पुढे केलं. पण माउली तिथे कुंडलिनी जागी झाल्यावर काय घडतं ते सांगतायत, शरीराचा नकाशा देत नाहीत. गोरक्षनाथांच्या परंपरेतला कंद तर मेढ्राच्या (जननेंद्रियाच्या) वर आणि नाभीच्या खाली, पक्ष्याच्या अंड्यासारखा. तो घेतला की खालची कमळं उगमाच्याही खाली राहतात. आपला पट पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथावर (शके १४९९, म्हणजे इ. स. १५७७) बेतलेला आहे, तेव्हा त्यांचंच धरलं: सुषुम्ना कंदाच्या मध्यातून मस्तकापर्यंत, मेरूच्या (पाठीच्या कण्याच्या) बाहेर डाव्या-उजव्या अंगाला चंद्र-सूर्य. कंद खालीच राहिला, आज्ञेतला छेद खरवडला. हातकागद जाड असल्याने ब्लेडने खरवडूनही तंतू उठले नाहीत. कार्ट्रिज पेपरवर हे शक्य नव्हतं. परंपरांची भेळ करून वर इंद्रधनुष्याचे सात रंग फासणाऱ्या तक्त्यांबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहेच. ते रंग विसाव्या शतकातले आहेत, पूर्णानंदांचे नव्हेत.

रंगांवरून आठवलं, मणिपूर जमलं! पाकळ्या पाण्याने भरलेल्या ढगाच्या आणि त्यांवरची अक्षरं निळ्या कमळाची, म्हणजे गडदावर गडद. काजळीत नीळ मिसळून पाकळी भरली, अक्षराच्या निळ्यात चिमूटभर पांढरा घातला आणि ‘डं’ पासून ‘फं’ पर्यंत दहाही अक्षरं हातभरावरून वाचता येऊ लागली. ‘ढं’चं पोट तर इतकं गोल आलंय की येता-जाता बघतो. शेंदरी रंगाच्या स्वाधिष्ठानाला मात्र पूजासाहित्याच्या दुकानातला शेंदूर आणू नका. डिंकात घोळला तरी वाळल्यावर बोटाला लागतो. शिवाय खरा शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, त्यामुळे ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असलेल्यांनी लांबच राहावं. साधा व्हर्मिलियन पोस्टर कलर उत्तम. शून्य नंबरचा सिंथेटिक ब्रश कितीही महाग घ्या, बारीक अनुस्वाराला फाटतोच.

एक प्रश्न मागे आला होता: सहा कमळांच्या पन्नास पाकळ्यांवर एकेक अक्षर, त्यांत आपला ळ कुठे? पाकळी नाही त्याला. ह आणि क्ष आज्ञेत बसतात, ळ बाहेर राहतो. पण मस्तकातल्या सहस्राराशी (हजार पाकळ्यांच्या कमळाशी) जो अ-क-थ त्रिकोण (बाजूंवर अ, क, थ पासूनचे वर्ण असलेला) आहे, त्याच्या तीन कोपऱ्यांत ह, ळ, क्ष अशी जागा मिळते. तो त्रिकोण मी आधी वगळणार होतो. आता ळसाठी तरी काढणार.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं. षट्चक्रनिरूपणावरच्या टीकेत इडा-पिंगळा धनुष्यासारख्या वाकलेल्या, वळसे न घेणाऱ्या असंही एक मत आहे. मग नाड्या कागदावर रंगवायच्याच कशाला? कमळं कागदावर, नाड्या पारदर्शक ओएचपी शीटवर! एक शीट वळशांचं, एक धनुष्याचं, हवं ते वर ठेवा. पोस्टर कलर त्यावर धरत नाही, तेव्हा अॅक्रिलिक लागेल, नाहीतर काचेवरचे रंग. कुणी वापरलेत का? पिवळे पडतात का, तेवढं सांगा. माझी पांढरी इडा पिवळी पडून चालणार नाही.

सुषुम्ना मात्र कागदावरच राहील. तिचं रूप उमललेल्या धोत्र्याच्या फुलांनी गुंफल्यासारखं सांगितलंय, आणि धोतरा घरामागच्या रस्त्यावर भरपूर आहे. रविवारी रेखाटनं करतो.