दगडाच्या तोंडचं पाणी

डूम मेटल म्हणजे संथ, जड, काळोखं रॉक संगीत. त्याच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर पंख मिटून बसलेला दगडी राक्षस, म्हणजे गारगॉइल, दिसला की बघणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं, अशी अपेक्षा असते. पण गारगॉइलचं कामच मुळी तोंडातून पाणी सोडण्याचं. ती छपराची पन्हळ. पाठीवरच्या चरातून पाऊस घशात येतो आणि भिंतीपासून लांब पडतो. नाहीतर सांध्यांतला चुना धुऊन जायचा. म्हणून ती एवढी मान काढून ओणवी.

गालांवर हात टेकून बसलेला, जीभ काढणारा तो प्रसिद्ध चेहरा मात्र थेंबही गाळत नाही. तो कायमेरा, निव्वळ शोभेचा. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर ही मंडळी आली एकोणिसाव्या शतकात, वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकच्या डागडुजीत. ‘मध्ययुगीन’ भुतं वयानं आगगाडीच्या बरोबरीची!

पाणी या संगीताची पाठ सोडत नाही. ब्लॅक सबाथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमवर पुतळा नाहीच, जुनी पाणचक्की आहे. कँडलमास या बँडच्या ‘नाइटफॉल’ अल्बमवर (१९८७) चित्रकार टॉमस कोलचं चित्र: नदी संपून समुद्र लागलाय आणि होडीत म्हातारा.

पुतळ्याचा भेसूरपणाही अर्धा पाण्याचाच. धुरातलं गंधक चुनखडीशी मिळून जिप्सम होतं, त्यात काजळी अडकते. पाऊस लागतो तिथे हा थर धुपतो. डोळ्यांखाली, हनुवटीखाली, पंखांच्या आडोशाला काळा साचतो. सावल्या आयत्याच मिळतात. फोटोला उजेड बाजूनं, तिरपा हवा. समोरून फ्लॅश मारला की राक्षसाचं खेळणं झालं.

खरी माती छपाईत होते. मोठ्या पृष्ठभागावर नुसती काळी शाई राखाडी दिसते, म्हणून १०० टक्के काळ्याखाली निळसर ६०, किरमिजी ४०, पिवळी ४० अशी भर घालतात. बिनचकाकी कागदावर मात्र शाईचे ठिपके पसरतात, सावल्या बुजतात आणि पंख, हनुवटी, आभाळ सगळं एकच डांबर. फाइल पाठवण्याआधी सावल्या जरा उजळाव्यात. पडद्यावर फिकट वाटलं तरी चालेल. आणि त्या डांबरात पांढरी ठेवलेली काटेरी गॉथिक अक्षरं? चार शाया केसभर सरकल्या की बारीक रेघा भरून जातात. बँडचं नाव तसंही कुणाला वाचता येत नसतं म्हणा, पण गाण्यांची यादी तरी जाड अक्षरात घ्यावी.