जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरची निगा

१९५० साली आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या चीफ्स स्पेशलसारखं पाच गोळ्यांचं .३८ रिव्हॉल्व्हर नीट जपलं तर आजही उत्तम चालतं. हात लावण्याआधी नळी सुरक्षित दिशेला धरा, सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, उघडा आणि त्यातली गोळ्यांची पाचही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी व बोटानं तपासा.

चाप जड लागला की लोक स्प्रिंगला दोष देतात. बरेचदा एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकलेले असतात. तिथे कोरड्या टूथब्रशनं घासा. तेलानं ते आणखी चिकटतात. ती चांदणी ढकलणारा दांडा, म्हणजे इजेक्टर रॉड, सैल झाला तरी सिलिंडर अडतं. तो आवळताना घरांत झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे चांदणीवर ताण येत नाही. काही मॉडेलांत आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघा.

रिकामं असताना हॅमर, म्हणजे घोडा, सावकाश मागे ओढा. तो अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर घट्ट बसायलाच हवं. बसलं नाही तर गोळी झाडू नका, जाणत्या कारागिराला दाखवा.

मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर मिटवू नका, क्रेन, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतं तो हात, वाकते. जुन्या फ्रेमला जादा दाबाची, म्हणजे प्लस-पी काडतुसंही नकोत. आणि चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, गंज तिथूनच सुरू होतो.