तुम्ही विचारलंत म्हणून : ते वर्ष वाया गेलं का?

निकाल लागला की फोन सुरू होतात. पलीकडे बहुधा आई असते. मुलाला दिसत नाही किंवा फार कमी दिसतं. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतात, "तुम्ही बारावीनंतर वर्षभर गॅप घेतलीत ना? वर्ष वाया नाही गेलं? आमच्याला घेऊ द्यावी का?"

मला बारावीला ८१ टक्के होते. कराडात पेढे वाटले. पण सातवीनंतर माझी नजर गेली, तेव्हापासून मी एकही ओळ स्वतः लिहिली नव्हती. आई वाचायची, मी ऐकायचे. परीक्षेत मी सांगायचे आणि अकरावीतली एक मुलगी लिहायची. कॉलेजला आईच्या कोपराला धरून जायचे. मार्क माझे होते, बाकी सगळं उसनं. पुण्यात होस्टेलवर आईचं कोपर कुठून आणणार?

म्हणून थांबले. पहिले दोन महिने मात्र खरंच वाया गेले, हे आधीच सांगते. मैत्रिणी नवीन कॉलेजच्या गमती सांगायच्या आणि मी दुपारी बारापर्यंत झोपायचे.

मग ब्रेल सुरू झालं. एक ते सहा नंबरचे ठिपके, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. पाटीवर टोचताना उजवीकडून डावीकडे लिहायचं, कागद उलटला की डावीकडून वाचायचं. यातच आठवडा गेला. एकदा बाईंचं बोट माझ्या कागदावर थांबलं. "हे काय लिहिलंयस?" मी म्हटलं, "आणि." पहिल्या वेलांटीचे ठिपके २ आणि ४, दुसरीचे ३ आणि ५. मी ३ आणि ५ टोचले होते. मराठीत ८८ मार्क मिळवलेली मी 'आणि' दीर्घ लिहीत होते, कारण कानाला वेलांटी दिसत नाही आणि पेपरात ती त्या अकरावीतल्या मुलीनं बरोबर दिली होती. फार लाज वाटली. ऱ्हस्व-दीर्घ मी त्या वर्षी बोटांनी शिकले.

कॉम्प्युटरचं थोडक्यात सांगते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो, जरा यंत्रासारखं. पण पुस्तक युनिकोडमध्ये नसेल, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर तो अगम्य अक्षरं बरळतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र; त्यातून अक्षरं काढून घ्यायला लागतात. हे ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

काठीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. उजवा पाय पुढे पडताना काठी डावीकडे टेकवायची, डावा पडताना उजवीकडे. घर ते एसटी स्टँड हे अंतर मी सरांबरोबर किती वेळा चाललेय, मोजलं नाही. उघडं गटार, दुकानाची पुढे आलेली पायरी, आडवी लावलेली दुचाकी, हे सगळं काठी सांगते. कमरेच्या वरचं सांगत नाही. टेम्पोचा उघडा फाळका मला कपाळानं सांगितला. खूण अजून आहे. ज्या दिवशी एकटी स्टँडवर पोचले, त्या दिवशी आई मागून पन्नास पावलांवर चालत होती, हे मला चार वर्षांनी कळलं.

आता तुमच्या मुलाचं. शिकवणारं माणूस आधी नक्की झालं असेल तरच गॅप घ्या. नाहीतर सरळ प्रवेश घ्या, घरी बसून काही होत नाही. राखीव जागेची काळजी करू नका. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा आहेत, वयातही ५ वर्षांची सवलत आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र हाताशी ठेवा.

आणि हो, प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. टायपिंगवाल्यानं त्याच्या ठरलेल्या मजकुरात 'आजारपणामुळे' असं टाकून दिलं होतं. मी वाचून घेतलं आणि बदलायला लावलं : 'ब्रेल व पांढरी काठी शिकण्यासाठी'. "काठी शिकायला वर्ष लागतं?" त्यानं विचारलं. दुसऱ्या प्रिंटचे पैसे वेगळे घेतले.