१८० दिवसांच्या आत

१४ जून २०१९. गाडीच्या लायसन्सच्या नूतनीकरणासाठी मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका कार्यालयात रांगेत उभी होते. पासपोर्ट, नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी, लग्नाचा दाखला, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं. खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा आय-९४ मार्चमध्येच संपलाय." आय-९४ म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीची नोंद. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं नाव उघडलंय. माझा व्हिसा सप्टेंबर २०२० पर्यंतचा होता, नवऱ्याची पिटिशन, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज, तोही तिथपर्यंतच. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझंच नाव होतं आणि खाली ११ मार्च २०१९.

झालं होतं ते असं. आदल्या ऑगस्टमध्ये आई आजारी म्हणून लेकाला घेऊन मी मिरजेला गेले होते. परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने शिक्का मारून त्यावर हाताने तारीख घातली. माझा पासपोर्ट ११ मार्चला संपणार होता, म्हणून त्याने मुक्कामाची मुदतही तिथपर्यंतच दिली. तसं करायची त्यांना मुभा असते. लेक माझ्या खांद्यावर झोपला होता, मागे लोक खोळंबले होते. मी शिक्का पाहिलासुद्धा नाही. पुढे पासपोर्ट संपायच्या आत वकिलातीतून नवा करून घेतला आणि निर्धास्त झाले. नव्या पासपोर्टबरोबर आय-९४ आपोआप वाढत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. व्हिसा तुम्हाला दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून तो कागद हातात देत नाहीत, संकेतस्थळावरून आपला आपण काढून बघायचा असतो. सहा वर्षांत मी तो एकदाही काढला नव्हता.

का नव्हता, हे मी नंतर खूपदा स्वतःला विचारलं. माझा व्हिसा एच-४, म्हणजे डिपेंडंट, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. माझे सगळे कागद नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाकडून नवऱ्याच्या ईमेलवर यायचे. तो छापायचा, पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असेल तिथे मी सही करायची. लग्नाआधी पुण्यात मी एका कारखान्याचे हिशेब तपासायचे, एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्री उशिरापर्यंत थांबायचे. आणि स्वतःच्या राहण्याची तारीख मी वाचली नव्हती, कारण ते खातं माझं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

घरी आल्यावर कालनिर्णय काढलं आणि मोजत बसले. ९५ दिवस. वेबसाइटवर वाचलं ते असं की, मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. जेवायला आम्ही तिघं बसलो. सहा वर्षांचा लेक इथे जन्मलेला, म्हणजे नागरिक. नवऱ्याचे कागद चोख. मी एकटी बेकायदा. त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

कंपनीच्या वकिलांनी कळवलं की ते कंपनीचं काम बघतात, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. विमानतळाजवळच्या दुरुस्तीच्या कार्यालयात गेलो, तर ही अधिकाऱ्याची चूक नाही, त्यामुळे दुरुस्ती होणार नाही, असं उत्तर मिळालं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने सांगितलं, कॅनडाला जाऊन ये, तिथून परत येताना नवी तारीख मिळते. तिच्या बाबतीत ते खरं होतं, कारण ती मुदतीच्या आत गेली होती. मुदत उलटली की पासपोर्टमधला व्हिसासुद्धा कायद्याने रद्द धरला जातो. मी तिचं ऐकून गेले असते तर सीमेवरच अडकले असते. म्हणून ज्यांना हा प्रश्न पडेल त्यांनी आधी आपले दिवस मोजावेत, सल्ला नंतर ऐकावा.

शेवटी आमचा स्वतःचा वकील केला. वकीलबाई साठीच्या असतील. कागद बघायच्या आधी त्यांनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. मला विचारलं, "तुझा पासपोर्ट कुणाकडे असतो? घरी भीती वाटते का?" मी म्हटलं, नाही, नवरा चांगला आहे. त्या म्हणाल्या, मी हे प्रत्येकीला विचारते. नवऱ्याकडून छळ होत असलेल्या एच-४ बायकांना स्वतंत्रपणे कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, २०१७ पासून त्याचा वेगळा फॉर्म आहे, आणि तो आहे हे बहुतेक जणींना माहीतच नसतं, असंही त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाबतीत फक्त एक तारीख चुकली होती. दुसऱ्या कुणाच्या घरी हीच तारीख नवऱ्याच्या हातातली दोरी होऊ शकते.

रस्ते दोन होते. एक, आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज उशिरा भरायचा, उशिराची कारणं द्यायची आणि मागच्या तारखेपासून मंजुरी मागायची. तेव्हा, २०१९ मध्ये, फी ३७० डॉलर होती, बोटांच्या ठशांचे ८५. मंजूर झाला तर सगळं भरून निघतं. पण उशिरा केलेला अर्ज पडून असताना दिवसांची मोजणी थांबत नाही. निकालाला महिनोन्‌महिने लागतात, आणि नकार आला तर तोवर १८० केव्हाच उलटलेले. दुसरा रस्ता, ७ सप्टेंबरच्या आत देश सोडायचा, मुंबईत नवा व्हिसा मागायचा. नाही मिळाला तर लेकाची शाळा, घर, सगळं इकडे राहणार.

ते सात आठवडे मी घाबरून काढले. गाडी चालवायची बंद केली. लेकाला ताप आला तेव्हा दवाखान्यात ओळखपत्र मागितल्यावर माझे हात कापले, खरं तर तिथे मला कुणीच काही विचारलं नसतं. आईला फोनवर काहीच सांगितलं नाही. नवरा पहिल्या रस्त्याच्या बाजूने होता, निदान सगळे एकत्र राहू म्हणून. मला मात्र न संपणारी वाट बघणं नको होतं. मी म्हटलं, मी जाते. इतक्या वर्षांत कागदांबाबत माझा असा हा पहिलाच निर्णय.

२ ऑगस्टला निघाले. १४४ वा दिवस. लेकाला सुट्टी होती, त्याला बरोबर घेतलं. मुक्काम ठाण्याला नणंदेकडे. मुलाखत ९ तारखेला मिळाली. नेमका त्याच आठवड्यात सांगली-कोल्हापूरला महापूर आला. मिरजेचे रस्ते बंद, आईचा फोन लागेना. इतक्या जवळ येऊनही मी तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते.

अर्जात एक प्रश्न असतो, कधी मुदतीपेक्षा जास्त राहिला आहात का? नणंदेच्या ओळखीच्या एजंटने सांगितलं, "नाही" लिहा, कोण बघतंय. मी "हो" लिहिलं, खाली तारखांसकट खुलासा दिला. खोटं सापडलं तर ते मुदत चुकण्यापेक्षा कितीतरी जड जातं, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने तेवढंच विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, १४४. त्याने दोन्ही पासपोर्ट चाळले, नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या बघितल्या, बराच वेळ टंकत राहिला. मग पासपोर्ट ठेवून घेतला. बकरी ईद, पंधरा ऑगस्ट, सुट्ट्यांवर सुट्ट्या. २० तारखेला तो व्हिसासह परत आला. दुसऱ्याच दिवशी मिरज गाठली. आईच्या घरी गुडघाभर चिखल होता. तो काढता काढता मी तिला सगळं सांगितलं.

२८ ऑगस्टला परतले. खिडकीपाशीच थांबून शिक्क्यावरची तारीख वाचली, अधिकाऱ्याला वाचूनही दाखवली. सामानाच्या पट्ट्यापाशी फोनवर आय-९४ काढला, नवऱ्याला नाही, स्वतःच्या ईमेलवर पाठवला.

पुढच्या आठवड्यात लायसन्स मिळालं. सप्टेंबर २०२० पर्यंतचं.