आजीचा व्हॉइस मेसेज आणि सातवीचा मराठीचा तास

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला मराठी शिकवते. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण तो पालकांचा. व्हॉट्सअ‍ॅपला वय किमान 13 लागतं आणि आमची बहुतेक पोरं बाराची. शिवाय फोन हाती लागतो तो बाबा वावरातून परतल्यावरच. त्या तासाभरात स्वाध्यायाची पीडीएफ कोण वाचणार? म्हणून ग्रुपवर मी फक्त बोलणं मागते.

मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचायला मिळतो. त्यातली कापसाची नोंद वर्गात उघडून थोडी वाचली. घरी जाऊन पोरांनी ती आजीला समजावून सांगायची आणि आजी काय म्हणते ते रेकॉर्ड करून पाठवायचं. एका आजीनं सुरुवातीलाच बजावलं, “पुस्तकातलं राहू दे ना बाप्पा, पऱ्हाटी कशी लावतेत थे मले इचार.” मग सरकी टोबण्यापासून वेचणीपर्यंत सगळं आलं, मजुरीच्या भावासकट!

दुसऱ्या दिवशी पोरांनी तेच रेकॉर्डिंग थांबवत थांबवत वहीत उतरवलं. वर आजीचं वऱ्हाडी जसंच्या तसं, खाली पाठ्यपुस्तकाची मराठी. वरच्या ओळीला मी लाल पेन लावत नाही, कधीच नाही. ती चूक नाहीच. कोलाम या आदिवासी समाजातल्या पोरांच्या वहीत तिसरी ओळ असते, कोलामीतली. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीची बोली नव्हे. ती ओळ पोरं मला वाचून दाखवतात आणि मी शिकते.

व्हॉइस मेसेज पाठवण्याआधी ऐकता येतो, पुसून पुन्हा बोलता येतं. वर्गात तोंड न उघडणारी पोरं म्हणूनच तिथं बोलतात. व्हिडिओपेक्षा तो हलका, त्यामुळे रेंज कमी असली तरी जातो. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ज्या घरांना ते नको, ती थेट मला पाठवतात.

सध्या प्रश्न दिलाय, फरदड ठेवावी का? म्हणजे हंगामाची वेचणी संपल्यावर कपाशी न उपटता तिच्यावरच आणखी कापूस घ्यावा का? कृषी विभाग सांगतो ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला त्यात आसरा मिळतो. पण हातात चार पैसे येतात म्हणून ठेवणारेही आहेत, आणि ग्रुपवर बाबालोकांची चांगलीच जुंपली आहे. पोरं ते सगळे मेसेज ऐकून मुद्दे काढतायत. निबंध सोमवारी. ज्याच्या घरचं मत फरदडीच्या बाजूचं, त्यानं विरुद्ध बाजू लिहायची.