जालन्याच्या मोंढ्यात दिलीपकुमार

७ जुलै २०२१ रोजी दिलीपकुमार वयाच्या ९८व्या वर्षी मुंबईत गेले, तेव्हा महामारीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना कुलपे होती. शासकीय इतमामात, पण मोजक्याच माणसांच्या उपस्थितीत, जुहूच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. एरवी एवढा मोठा नट गेला की गावोगावच्या टॉकीजमध्ये त्याचे जुने चित्रपट पुन्हा लागतात, चौकात फलक उभे राहतात आणि चहाच्या टपरीवर दिवसभर त्याचीच गाणी वाजतात. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात यातले काहीच घडले नाही. शोक करायचा राहूनच गेला.

११ डिसेंबर २०२२ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने मोठ्या शहरांतील मल्टिप्लेक्समध्ये त्यांचे निवडक चित्रपट दाखवले गेले. मी त्याच सुमारास औरंगाबादहून रेल्वेने जालना, परभणी आणि नांदेड असा प्रवास केला. (शहराच्या नामांतरावर केंद्राची मोहोर उमटायची होती, म्हणून तेव्हाचेच नाव लिहितो.) मृत्युलेखांमधून मला अभिनयसम्राट भेटला होता, शोकनायक भेटला होता, पण त्यांच्यासाठी ज्यांनी बाकड्यांवर बसून डोळे पुसले आणि ज्यांनी त्यांना आपल्या गावच्या मंचावर बसलेले पाहिले, ती इकडची माणसे त्या लेखांत नव्हती. त्यांना गाठावे, एवढाच हेतू होता.

औरंगाबादेत शहागंजच्या घड्याळापासून जवळच्या एका शिंप्याच्या दुकानात एक निवृत्त ऑपरेटर रोज संध्याकाळी येऊन बसतात, असे कळले होते. ऑपरेटर म्हणजे टॉकीजच्या केबिनमध्ये बसून रिळे चालवणारा माणूस. कार्बनच्या कांड्यांच्या धुराने त्यांचा आवाज कायमचा घोगरा झाला आहे, पण ते बोलायला लागले की थांबत नाहीत. मुंबईत चित्रपट लागून गेल्यावर बऱ्याच उशिरा त्याची प्रत इकडे येई, तोवर तिच्यावर पावसासारख्या रेघा उमटलेल्या असत, आणि तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत तर मधले प्रसंगच गळालेले असत, असे त्यांनी सांगितले. मग ते जे बोलले, ते मी आजवर कोणत्याही समीक्षकाच्या लेखात वाचलेले नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इतर नटांच्या चित्रपटात आवाजाची खुंटी एकदा लावली की मध्यंतरापर्यंत तिला हात लावावा लागत नसे. दिलीपकुमारांच्या चित्रपटात मात्र ऑपरेटरला जागे राहावे लागे, कारण ते संवाद इतक्या खालच्या पट्टीत बोलत की पंख्यांच्या घरघरीत शब्द बुडून जात. आवाज वाढवावा, तर लगेच गाणे सुरू होऊन कर्णे फाटायची वेळ येई.

‘‘पिटातले पोरं आधी ओरडायचे, ‘आवाज, आवाज’ म्हणून,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या दिवसापासून ओरडणं बंद. स्वतःच गप बसायचे. हजारभर लोकांना त्या माणसानं गप बसायला शिकवलं, आमच्या खुंटीनं नाही.’’

दिलीपकुमारांच्या संयत अभिनयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या बोलण्यातील विराम, पाठमोरे उभे राहून केलेला अभिनय, ‘कोहिनूर’साठी उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडे घेतलेले सतारीचे धडे, हे सारे नोंदवून झाले आहे. परंतु हा संयम पत्र्याच्या छपराखाली, विड्यांच्या धुरात बसलेल्या प्रेक्षकाने कसा स्वीकारला, हे केबिनच्या भोकातून पाहणाऱ्या माणसालाच ठाऊक असणार. दुकानातील इतरांनी नंतर मधुबालेचा विषय काढला आणि ऑपरेटर मागे पडले. तो विषय सर्वांच्या परिचयाचा असल्याने मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या तपोवन एक्स्प्रेसने निघालो. करमाड, बदनापूर मागे पडले. कापूस वेचून झालेली रिकामी शेते आणि मधूनच मोसंबीच्या बागा दिसत राहिल्या. जालन्याबद्दल ‘जालना, सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. आज हे गाव लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी, बियाण्यांसाठी आणि मोसंबीसाठी ओळखले जाते. मला मात्र जालन्याला उतरायचे कारण वेगळे होते. दिलीपकुमार यांच्या आयुष्यातील ज्या पर्वाला मृत्युलेखांत जेमतेम एखादी ओळ मिळाली, त्याचे मूळ या गावात आहे.

जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम समाजातील मागास जातींची संघटना बांधली आणि नव्वदच्या दशकात दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले. ७ ऑगस्ट १९९० रोजी केंद्र सरकारने मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण वैध ठरवले. मंडल आयोगाने मागासलेपण धर्मावरून ठरवले नव्हते, त्यामुळे विणकर, बागवान, पिंजारी, कसाई, अत्तार अशा मुस्लिम व्यावसायिक जातींनाही या आरक्षणाची दारे उघडत होती. अडचण कागदाची होती. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुतेकांचे नुसते ‘मुसलमान’ असे लिहिलेले असे, आणि तेवढ्यावर जातीचे प्रमाणपत्र मिळत नसे. शिवाय इस्लाममध्ये जात नाही, तेव्हा जातीच्या नावाने सवलत मागणेच गैर आहे, असे म्हणणारी प्रतिष्ठित मंडळी समाजातच होती. ही गोष्ट रात्रीच्या सभेत कष्टकरी माणसाला समजावून सांगायची, तर आधी तो सभेला यायला हवा. आणि दिलीपकुमार येणार म्हटल्यावर तो येत असे.

मोसंबीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, सकाळचे सौदे आटोपल्यावर एका बागवान अडत्याने मला आपल्या गादीवर बसवून घेतले. तशा एका सभेला ते तरुणपणी गेले होते. गर्दीचा आकडा त्यांनी जो सांगितला, तो शेजारच्या गाळ्यातील गृहस्थांनी लगेच दुप्पट केला, म्हणून तो इथे देत नाही. ‘‘आम्ही सिनेमातला दिलीपकुमार बघायला गेलो होतो, सर,’’ ते म्हणाले. ‘‘वाटलं, एखादा डायलॉग मारतील, हात हलवतील, जातील. ते तर दाखल्याचं बोलायले. टीसी, रकाना, तहसील. आमचे वालिद घरी येऊन म्हणाले, एवढा मोठा माणूस तहसीलचं बोलतोय म्हणजे कामाचं असंल.’’ त्यांच्या धाकट्या भावाचे प्रमाणपत्र त्यानंतर निघाले, आणि तो शिक्षक झाला. घरातली ती पहिली नोकरी.

दिलीपकुमारांचे वडील लाला गुलाम सरवर खान हे फळांचे व्यापारी होते. पेशावरमध्ये ११ डिसेंबर १९२२ रोजी जन्मलेला युसूफ पुढे नाशिकजवळच्या देवळालीत शिकला. ‘ज्वारभाटा’ हा पहिला चित्रपट १९४४ साली येण्याआधी त्याने पुण्यातील लष्करी कँटीनमध्ये काम केले होते. हे चरित्र मोंढ्यात सर्वांना तोंडपाठ आहे, पण त्याचा क्रम निराळा आहे: आधी फळे, मग सिनेमा. एक हमाल मोसंबीचे कॅरेट उचलता उचलता म्हणाला, ‘‘आपल्याच धंद्यातले होते ते.’’ वंशावळ पाहिली तर दिलीपकुमार पठाणी मुलखातले होते आणि जालन्याच्या बागवानांशी त्यांचे रक्ताचे नाते काहीच नव्हते. तरीही त्या वाक्याला मला हसता आले नाही. फळवाल्याच्या मुलाने फळवाल्यांच्या प्रमाणपत्रासाठी वणवण करावी, याला चाहत्याच्या भाबडेपणाखेरीज दुसराही अर्थ आहे.

राज्यसभेचे सदस्यत्व, फाळके पुरस्कार, पद्मविभूषण आणि पाकिस्तानच्या सन्मानावरून उठलेले वादळ, यांपैकी एकही गोष्ट मोंढ्यात कोणी काढली नाही.

परभणीत थोडाच वेळ थांबलो. स्थानकाबाहेर एका वयस्कर रिक्षाचालकाशी बोलणे झाले. त्यांचे वडील टांगा चालवत. १९५७ च्या ‘नया दौर’मध्ये दिलीपकुमार टांगेवाला आहे आणि त्याचा टांगा बसशी शर्यत जिंकतो. वडील तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत आणि पाहून आले की घोड्याला जास्तीचा चारा घालत, एवढे सांगून त्यांनी मीटर न टाकताच भाडे सांगितले.

पुढे पूर्णा ओलांडून नांदेडला पोहोचलो. तिथे मला भेटायचे होते ते नव्वदी पार केलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना. त्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून झाले. हैदराबाद संस्थानात मराठी घरातील मुलांनाही शाळेत उर्दू शिकावी लागे, जमिनीचे कागद उर्दूत असत, कोर्टकचेरी उर्दूत चाले. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाने दिलीपकुमारांची भाषा पडद्यावरून शिकली; या गुरुजींच्या कानावर ती शाळेतच पडली होती, आणि तिच्याबरोबर रझाकारांच्या धाकाचे दिवसही आले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. गावात लपवून ठेवलेली तिरंगी निशाणे बाहेर निघाल्याचे त्यांना आठवते. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी ‘शहीद’ पाहिला. त्याच वर्षी आलेल्या या चित्रपटात दिलीपकुमार स्वातंत्र्यासाठी फासावर जाणारा क्रांतिकारक आहे.

‘‘ज्या भाषेत आम्हाला दमदाटी झाली, त्याच भाषेत तो इन्किलाबचं बोलत होता,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मी सतरा वर्षांचा. मला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. भाषेचा राग तिथं उतरला माझा.’’

मराठवाड्यातील त्या पिढीच्या मनात मुक्तिसंग्रामाची कटुता आणि उर्दूची ओढ एकाच वेळी कशी नांदू शकते, हे बाहेरच्यांना नेहमीच कोडे वाटत आले आहे, आणि त्यावर व्याख्याने देणारेही पुष्कळ आहेत. गुरुजींनी ते व्याख्यानाविना सांगितले. त्यांच्या सूनबाईंनी मध्येच चहा आणि सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणून ठेवला व सासऱ्यांना औषधाची आठवण केली. ती त्यांनी सोयीस्करपणे ऐकली नाही.

तेवढ्यात शेजारचे गृहस्थ आले. ते नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते आणि मिल बंद पडली त्याला आता बराच काळ लोटला. दोघांचे दिलीपकुमारांवरून जुने भांडण आहे. गुरुजींच्या मते १९६१ च्या ‘गंगा जमुना’नंतर पाहण्यासारखे फार थोडे उरले, त्यात त्यांनी गावंढळ पुरबी बोली बोलून दाखवली आणि एवढ्या शुद्ध उर्दूच्या माणसाने ती इतक्या सहज बोलावी, याहून मोठा पराक्रम नाही. मिलवाल्यांना ते मान्य नाही. त्यांना १९८२ चा ‘शक्ती’ हवा, कारण त्यातला पोलीस अधिकारी असलेला बाप त्यांच्या ओळखीचा आहे: घरी कमी बोलणारा, कर्तव्यापुढे मुलालाही न जुमानणारा. त्या भूमिकेसाठी दिलीपकुमारांना आठव्यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळाले, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

‘‘आणि ‘क्रांती’?’’ गुरुजींनी डिवचले. ‘‘म्हाताऱ्या माणसानं एवढं ओरडावं का?’’

‘‘तुम्हाला ऐकू कमी यायलंय म्हणून तुम्हाला ओरडल्यासारखं वाटायलंय, गुरुजी,’’ मिलवाले म्हणाले. ‘‘आमच्या तिथं खात्यात साचे चालायचे. तिथून सुटून सेकंड शोला गेल्यावर कुजबुजणारा दिलीपकुमार कोणाला ऐकू येणार होता? आम्हाला ओरडणाराच पाहिजे होता.’’

औरंगाबादच्या ऑपरेटरांची खुंटी मला आठवली आणि मी तो किस्सा दोघांना सांगितला. गुरुजींनी तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून घेतला, मिलवाल्यांनी आपल्या. मग ‘मुगल-ए-आझम’मधील सलीम थोर की अकबर, यावर वाद सुरू झाला, सूनबाईंनी औषधाची गोळी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली, आणि मला परतीच्या गाडीसाठी निघावे लागले.